बाहीच्या आतली शिवण

वॉशिंग मशीनने काम झाल्याची पिपाणी वाजवली आणि मी जागच्या जागी थिजले. आतल्या खोलीत टिटवी झोपली होती. टिटवी म्हणजे माझी लेक. गळाच तसा असल्यामुळे घरात हेच नाव रुळलंय. कूस बदलल्याची खसफस झाली, मग पुन्हा सामसूम. ओले कपडे तिथेच राहू दिले आणि मी टीव्हीसमोर फतकल मारली.

वाढदिवसाला काय हवं, असं नवऱ्याने विचारलं होतं. "वाफेची इस्त्री घे, नाहीतर टीव्हीवरचा तो सामुराईचा व्हिडिओ खेळ घे. दोन्हीचा हट्ट नको, राणीसरकार." मी घरीच कपडे शिवते, त्यामुळे इस्त्रीची गरज कुणालाही पटली असती. खेळाचं काय सांगणार? टिटवीच्या आधी मी तासन्‌तास खेळायचे. नंतर कंट्रोलर खेळण्यांच्या टोपलीत गेला, तो गेलाच.

शेवटी धाकट्या दिरांनी स्वतःची डिस्क आणून दिली. "वहिनी, संध्याकाळी न्यायला येतो. तोवर चार मुडदे पाडा, हात बसतोय का बघा, मग ठरवा."

मुडदा माझाच पडला. लेक उठू नये म्हणून आवाज बंद ठेवलेला, त्यामुळे मागून कोण येतंय ते कळायचं नाही. पहिल्याच दरोडेखोराने मला पुन्हा पुन्हा आडवं केलं. शेवटी तलवार म्यान केली आणि पायवाट सोडून डोंगरावर पळाले. ह्या खेळात तेवढी मुभा आहे, वाटेल तिकडे जावं.

माथ्यावर वारा होता. माझ्या सामुराईची बाही उलटली आणि मी पुढे सरकून पडद्याला नाक लावलं. बाहीला अस्तर होतं! बाहेरून करडं, आतून जुन्या तांब्याच्या रंगाचं. टाके हातचे, किंचित वाकडे. खांद्याशी रफू केलेलं, आणि त्याचा धागा जरासा वेगळा, घरात जो असेल तो घेतल्यासारखा.

गिऱ्हाइकं मला नेहमी म्हणतात, आतलं कोण बघतंय? आणि इथे कुणीतरी टेबलाशी बसून, मान मोडून, एका खोट्या माणसाच्या बाहीच्या आत खरे टाके घातले होते. तेवढ्यात खाली दरीतलं धुकं विरलं. गवत एका अंगाने निजत गेलं, त्यामागून छपरं निघाली, आणि एका अंगणात दोरीवर कुणाचे तरी चिमुकले कपडे वाळत होते. मी हात जोडायचीच बाकी होते.

टिटवी कधी उठून मांडीत शिरली, कळलंच नाही. एरवी घर डोक्यावर घेणारी पोर, तीही त्या डोंगरात हरवली. आम्ही दोघी नुसत्या बघत राहिलो.

दार वाजलं. भावजी आत आले ते थेट पडद्यापाशी.

"किती मारले?"

"एकही नाही."

"मग दुपारभर केलंत काय?"

"त्याची शिवण बघत होते."

भावजींनी कपाळावर हात मारला. "देवा! वहिनी, इस्त्रीच घ्या. हा खेळ अफाट आहे. तुम्ही अशा रेंगाळलात तर म्हातारपणी संपेल."

"संपवायचाय कुणाला, भावजी? रोज टिटवी झोपली की थोडा वेळ त्या डोंगरावर जाऊन येईन. इस्त्री जुनीच चालेल." बोलताना मलाच माझ्या आवाजाचं नवल वाटलं, कितीतरी दिवसांनी काहीतरी फक्त स्वतःसाठी मागत होते.

"ठरलं तर मग?"

मी हो म्हणणार, एवढ्यात टिटवीने दोन्ही हातांनी माझी हनुवटी धरून स्वतःकडे वळवली.

"आई, तू तिकडे डोंगरावर गेलीस ना, की तिथून मी दिसते का गं तुला?"