मुख्याध्यापक नसलेली शाळा

ही गोष्ट १९७९ सालची, ऑरेगॉनमधल्या एका लाकूडगिरण्यांच्या गावातली. गावात सरकारी शाळा तीन. टेकडीवरच्या शाळेत पोरं रांगेने चालायची, नदीकाठच्या शाळेत फुटबॉल खेळेल त्यालाच माणूस समजायचे. तिसरी खुली शाळा. तिथे ना घंटा, ना गुण, ना मुख्याध्यापक. सगळे निर्णय पोरांसकट गोल बसून, एकमताने. भिंतींना रंग कुठला द्यायचा यावर दोन वर्षं चर्चा चालली होती.

वर्ना तिथली कारकून. तिच्या रोंडाला बाकीच्या दोन्ही शाळांनी हाकललं होतं. इथे मात्र पोरगी सकाळी न उठवता उठायची. म्हणून शिक्षण मंडळाकडून शाळा बंद करण्याची नोटीस आली, तेव्हा वर्ना लगेच टाइपरायटरपाशी बसली.

हरकतीचा अर्ज गुरुवारी पाचपर्यंत द्यायचा होता. खाली मुख्याध्यापकाची सही हवी होती.

तीन दिवस सगळे गोल बसले.

"एकाने सही केली की तो मोठा आणि बाकीचे लहान," दाढीवाला ड्वेन म्हणाला. तो शिक्षक होता. कुठल्या विषयाचा, ते अजून ठरायचं होतं.

"अरे, नुसतं नाव खरडायचंय," वर्ना म्हणाली.

"वर्ना, तुझ्या अंगातून जुनी शाळा गेली नाही बघ."

शेवटी एक्क्याऐंशी जणांनी गोलाकार सह्या केल्या, म्हणजे पहिला कोणीच नाही.

मंडळाच्या कचेरीत मिसेस टिबेट्सने कागद चहूबाजूंनी फिरवून पाहिला. "हे काय, घड्याळ काढलंय? मुख्याध्यापकाची सही कुठंय?"

"मुख्याध्यापकच नाहीत."

"बाई, पाचला पाच कमी आहेत. मी जरा पाठ फिरवते."

वर्नाने सही ठोकली. अर्ज दाखल झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आपणहून सांगितलं. पुन्हा सगळे गोल बसले.

"तू आमच्यावर राज्य केलंस," ड्वेन हळव्या आवाजात म्हणाला. अर्ज मागे घ्यावा, असा ठराव आला. जिच्याविषयी ठराव, तिला मत नाही, हा तिथला नियम. भराभर हात वर झाले. एकट्या रोंडाचा खाली होता, आणि तेवढ्यावर ठराव पडला असता.

वर्ना तिच्याकडे बघत राहिली.

"आई, तू आधी विचारायला हवं होतंस," रोंडा म्हणाली आणि तिनेही हात वर केला.

नऊ वर्षांत पहिल्यांदाच जेवणाच्या सुट्टीआधी एकमत झालं.

जूनमध्ये शाळा बंद झाली. ड्वेन टेकडीवरच्या शाळेत उपमुख्याध्यापक झाला; दारावर पितळी पाटी आली, दाढी गेली. मिसेस टिबेट्स ॲरिझोनात लेकाकडे राहायला गेल्या. रोंडा पुन्हा टेकडीवरच्या शाळेत गेली, चार महिने टिकली, मग अलास्कात मासेमारीच्या बोटीवर लागली. तिथे कप्तानाशी तिचं रोज वाजतं म्हणे. वर्ना नदीकाठच्या शाळेतून निवृत्त झाली. खुल्या शाळेच्या जागी आता गाद्यांचं दुकान आहे. ड्वेनचा विषय निघाला की वर्ना अजून तोंड सोडते. आणि शेवटी म्हणते, "पण पोरं धावत यायची हो तिथे."