कोड उघडा, किंमत दीड हजार

भूमच्या एसटी स्टँडमागं क्षमाचं दुकान. दुकान कसलं, एक टेबल, लॅपटॉप अन् डुगडुगती खुर्ची! पण त्याच टेबलावर तिनं दूध केंद्राच्या सॉफ्टवेअरला जोडायचं प्लगिन लिहिलं होतं. दूध तपासलं की ते फॅटवरून भाव काढायचं अन् कॉम्प्युटर दोन्ही मोठ्यानं मराठीत बोलायचा. किंमत एकदाच दीड हजार अन् सोर्स कोड उघडा. घेणाऱ्यानं आत बघावं, वाटलं तर बदलावं.

मूळ सॉफ्टवेअरच्या कंपनीचा कुलदीप तिला शोधत सकाळीच निकिताच्या दूध केंद्रावर आला. क्षमा तिथंच कॉम्प्युटरपाशी होती. प्लगिनचे दोन लाख देतो म्हणाला. पण मग कोडला कुलूप अन् प्रत्येक केंद्राकडून दरमहा तीनशे.

दोन लाख! क्षमाच्या घरात एवढी रक्कम एकदम कुणी बघितली नव्हती. तिला घाम फुटला.

"तसंबी इथं कोड वाचतंय कोण?" कुलदीप हसला.

"मी वाचते की," निकिता म्हणाली. तिनं रांगेतल्या धुरपदाबाईंकडं बोट केलं. "गेल्या महिन्यात आज्जी लई भांडल्या. मशीनवर सहा पॉइंट आठ आठ, अन् भाव लागतोय सहा पॉइंट आठचा. कोड उघडला, तर आमच्या या बाईसाहेब शेवटचा आकडाच छाटत होत्या!"

रांग हसली. क्षमाचे कान तापले. चूक तिचीच होती, अन् चारचौघांत निघाली होती.

"तेच तर सांगतोय मॅडम," कुलदीप म्हणाला. "कुलूप असतं तर कुणाला कळलंच नसतं."

झालं! बोलू नये तेच बोलून बसला गडी.

धुरपदाबाईंनी किटली खाली आपटली. "मग उद्यापास्नं माप घेताना आमी डोळे मिटून उभं ऱ्हायचं व्हय रं?"

दोन लाखांना भुलत होती याची क्षमाला लाज वाटली, अन् मग असा संताप आला की घाम कुठल्या कुठं पळाला.

"दोन लाख तुमच्याकडंच ठेवा," ती म्हणाली. "कुलूप लागणार न्हाय."

"पुढच्या अपडेटला तुमचं प्लगिन चालणार नाही, बघा."

"बंद पाडा की! कोड बावीस केंद्रांकडं हाय. आमी पुन्हा जोडू. अन् तुम्हाला पाहिजे असंल तर दीड हजार. सगळ्यांना एकच भाव."

धुरपदाबाईंनी दूध पुढं केलं. निकितानं नमुना मशीनला लावला.

"सहा पॉइंट आठ आठ," कॉम्प्युटर खणखणीत बोलला. भावही त्याचाच सांगितला.

"ऐकलंस न्हवं?" धुरपदाबाई कुलदीपला म्हणाल्या. "आता सरक, मागं रांग हाय."