जोडीचा साचा

मी एक जुना लाकडी साचा आहे. मित्रांनो, माझे दोन भाग आहेत. पुढच्या भागात चेहरा आणि जोडलेले हात, मागच्यात पाठ आणि तिच्यावर पांघरलेले चीवर. दोन्हींत माती दाबून मला मिटायचे, दोरीने आवळायचे. उघडले, की हात जोडलेला भिक्खू बाहेर येतो.

मला कोरणाऱ्या मूर्तिकाराने बुद्धांच्या दोन्ही अग्रशिष्यांसाठी हा एकच साचा केला. "उजवीकडचे सारिपुत्त, प्रज्ञेत पहिले. डावीकडचे मोग्गल्लान, ऋद्धीत, म्हणजे अलौकिक शक्तीत पहिले," तो आपल्या दोन मुलींना सांगे. "जिवलग मित्र. सत्य ज्याला आधी गवसेल त्याने दुसऱ्याला सांगायचं, असं ठरलेलं. सारिपुत्तांना आधी कळलं, ते तडक मित्राकडे गेले."

थोरली उजवी मूर्ती रंगवी, धाकटी डावी. स्तुती रंगाची होई, फुशारून मात्र मी जाई.

वडील गेले आणि धाकटीच्या मनात साठलेले बाहेर आले. "सगळे आधी उजवीकडे बघतात. मी कायम डावीच का?"

"मग हो वेगळी!" थोरली रागात बोलून गेली.

वाटण्या झाल्या. हट्टाला पेटलेल्या त्या दोघींनी माझीही वाटणी केली! पुढचा भाग थोरलीकडे, मागचा धाकटीकडे. हसू नका, मला फार वाईट वाटले. डोळे पुढच्या भागात, म्हणून मी थोरलीच्या फळीवर धूळ खात पडलो. माझी पाठ कुठे होती, कुणास ठाऊक.

एके सकाळी एक भन्ते नव्या विहारासाठी शिष्यांची जोडी मागायला आले.

"सारिपुत्त देते," थोरली म्हणाली. "भिंतीला टेकवले, की पाठ नसलेली दिसणार नाही."

भन्ते हसले. "एकटे कसे नेऊ, ताई? बुद्धांनी दोघांनाही अग्रस्थान दिलं. उजवी-डावी ही नुसती जागा."

ते गेल्यावर थोरलीने मला फळीवरून खाली काढले. मग तिने मला पुसले, पिशवीत घातले आणि धाकटीचे दार वाजवले.

"तू? कशी काय आलीस?"

"ज्याला आधी कळेल त्याने सांगायला जायचं, असं बाबा म्हणायचे ना? मला आधी कळलं. चुकलं माझं."

धाकटी आत गेली आणि माझी पाठ घेऊन आली. फडक्यात गुंडाळलेली, तेल लावलेली.

माझा चेहरा मात्र तेलाविना सुकून आक्रसला होता. दोन्ही भाग नीट जुळत नाहीत, म्हणून आता प्रत्येक मूर्तीच्या खांद्यावर सांध्याची बारीक रेघ उठते.

"घासून टाकू?" धाकटीने विचारले.

"राहू दे," थोरली म्हणाली. "आणि या वेळी मोग्गल्लान मी रंगवते."

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू तुमच्या घरी असेल, तर तिचे दोन्ही भाग एकत्र बांधून ठेवा. तेलाचा हात दोन्हींवर फिरवा. रेघ चालते, ताटातूट सोसत नाही.