मेल्खिओरची दुसरी खोली

वेल्टनला समुद्रातच सोडून त्याची आई अपोलोनिया आणि बायको सिबिला पेनसिल्व्हेनियात उतरल्या. जहाजावरच्या तापानं तो गेला होता. त्यांच्याच जर्मन मुलखातल्या लोकांनी ओढ्याकाठी त्यांना एक ओंडक्यांचं घर बांधून दिलं. दोघींनी राय हे धान्य पेरलं, कोबी लावला, आणि दोन हिवाळे कसेबसे काढले.

पलीकडच्या टेकडीवरचा सुतार मेल्खिओर विधुर होता. छप्पर गळतंय का, सरपण पुरतंय का, असं काहीबाही विचारत तो येई. बोलायचा अपोलोनियाशी, पण कान लाल व्हायचे सिबिला आत आली की.

त्यानं मागणी घातली, तेव्हा सिबिलानं सरळ नाही म्हटलं.

"का गं?" अपोलोनियानं विचारलं. "माणूस वाईट आहे?"

"चांगला आहे. पण मी गेले तर तुमचं कोण करणार, आई?"

"मी काय कुकुलं बाळ आहे? पाद्रीबाबांच्या घरी राहीन."

"त्यांच्या बायकोशी तुमचं दोन दिवस तरी पटेल का?"

आपल्यापायी पोरीचा जन्म वाया चाललाय, हे अपोलोनियाच्या जिवाला लागलं. दुसऱ्या दिवशी काठी टेकत ती टेकडी चढली. 'थोडा धीर धर, मी कुठंतरी सोय बघते,' असं मेल्खिओरला सांगायचं तिनं ठरवलं होतं.

मेल्खिओर रंधा मारत होता. घराला त्यानं नवी खोली जोडली होती. चुलीच्या भिंतीला लागून, उबदार. आत एक बुटका पलंग.

"ही कुणासाठी रे?"

"तुमच्यासाठी, मावशी." तो ओशाळला. "थंडीत तुमचे गुडघे धरतात ना. म्हणून पलंगही ठेंगणा केलाय. सिबिलाला सांगणारच होतो, पण ती मला वाक्य पुरं करू देईल तर ना!"

अपोलोनिया पलंगावर बसली. बराच वेळ भिंतीवर हात फिरवत राहिली. वेल्टन गेल्यापासून तिची अशी काळजी सुनेखेरीज कुणी केली नव्हती.

घरी येऊन तिनं दारातूनच हाक मारली, "सिबिला, त्या सुताराला हो म्हण. नाहीतर मी म्हणते!"

सिबिला खळखळून हसली, आणि हसता हसताच सासूच्या गळ्यात पडून रडू लागली.

राय कापून झाल्यावर लग्न लागलं. दोघी एकाच गाडीत बसून टेकडीवरच्या घरी गेल्या. मेल्खिओर बैलांपुढे चालत होता आणि वाट खराब म्हणून अपोलोनिया त्याला मागून खुशाल बोल लावत होती.