सीलबंद दुपटं

"जुळतंय ना, बाई? मग करा सही. गाडी खोळंबलीय खाली," खरेदीसाहेब म्हणाले.

टेबलावर दोन कापडं होती. एक नव्या चादरींच्या गठ्ठ्यातलं, दुसरं कपाटातल्या सीलबंद पाकिटातून आत्ताच काढलेलं, मान्य नमुन्याचं. बाईंनी भिंग लावून दोन्हींचे धागे मोजले. इंचाला चव्वेचाळीस इकडे, चव्वेचाळीस तिकडे. अगदी सख्ख्या बहिणी. चादरीचा कोपरा बोटांत चोळला, तर खळीची पांढरी भुकटी मांडीवर सांडली. पहिल्या धुण्यात खळ गेली, की या चादरीतून गादी दिसणार.

हॉस्पिटलच्या भांडारात त्यांना सगळे भिंगबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण बाईंचे कानही डोळ्यांइतकेच तिखट होते. एकवीस वर्षांत त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक पट्टी वॉर्डात पोचली नव्हती.

नमुन्याची पद्धतही त्यांचीच. मंजूर झालेल्या चादरीवर मधोमध साहेबांनी धुऊनही न जाणाऱ्या शाईने सही करायची आणि बाईंनी त्या सहीवरूनच कात्री चालवायची. एक अर्धी चादर लाखेने सील करून कपाटात, दुसरी अर्धी फाडून फरशी पुसायला. मागणीपत्रात मग एवढंच लिहायचं, 'मान्य नमुन्याप्रमाणे'.

आणि समोरच्या नमुन्यावर साहेबांची सही अख्खी होती.

बाईंनी भिंग बाजूला ठेवलं. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या पंधरा दिवस रजेवर होत्या, आणि कपाटाची किल्ली नियमाप्रमाणे साहेबांकडे. लाखेचा ठसाही त्याच कपाटात. नमुना कुणी बदलला, हे कळायला भिंग लागत नव्हतं.

"सही उद्या करते, साहेब."

"उद्या? मुहूर्त काढायचाय का?" शेजारच्या खुर्चीतला पुरवठादार खदखदून हसला.

"मोठ्या डॉक्टरांसमोर करते."

हसणं जिथल्या तिथे थांबलं.

खरी गोष्ट अशी होती, की उरलेली अर्धी चादर फरशी पुसायला गेलीच नव्हती. इतकं दाट, मऊ कापड फिनेलच्या बादलीत बुडवायला बाईंचा हात धजावला नाही. त्यांनी ते पिशवीत घालून घरी नेलं, चार वेळा उकळून धुतलं आणि नातीचं दुपटं केलं. एकवीस वर्षांत घरी नेलेली ही एकच वस्तू. त्या रात्री नात झोपली होती आणि तिच्या पायाशी साहेबांची उरलेली अर्धी सही.

"आई, हे डॉक्टरांना दाखवणार? वेड लागलंय का तुला?" लेक म्हणाली. "पहिला प्रश्न हाच येणार, की हे तुझ्या घरी आलं कसं."

"मी आणलं म्हणून सांगेन."

"हो, आणि ते ऐकून तुझा सत्कारच करतील!"

"अगं, परवापर्यंत त्याच वॉर्डात तू होतीस. टाके घातलेली बाई नुसती कुशीवर वळली, तरी ती चादर टरकन फाटेल. मग अंगाखाली उघडी गादी. आदल्या कुणाकुणाचं काय काय सांडलेली."

"पुरे गं." लेकीने हळूच दुपटं काढलं. बाळ कुरकुरलं, तसं तिने आपल्या ओढणीत गुंडाळलं. "सही करून मोकळी झाली असतीस, तर कुणी नाव ठेवलं नसतं तुला."

"कुणीच नसतं ठेवलं," बाई म्हणाल्या, आणि दुपट्याची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी दुपटं पुढ्यात घेऊन भिंग स्वतः डोळ्याला लावलं. नखाने धागे बाजूला करत सावकाश मोजले.

"साठ," ते म्हणाले, आणि त्यांनी साहेबांकडे पाहिलं.

साहेब खाली बघत होते. बाईंना वाटलं, झालं. जिंकलो.

"पण बाई," साहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, "भांडारातला माल तुमच्या घरी कसा?"

डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं. "घरी होतं हे?"

"होतं. पण डॉक्टर, ती सही बघा. कपाटातल्या तुकड्यावर अख्खी आहे, कात्री सहीवरूनच..."

"नेलंत की नाही, तेवढं सांगा," डॉक्टर म्हणाले.

"नेलं."

"मग घरी त्याचं काय काय झालं, आम्हाला काय कळणार? तुम्हीच सांगा."

"दुपटी आम्ही पुरवत नाही हं, डॉक्टर," पुरवठादार म्हणाला. साहेब हसले. डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांनी घड्याळ पाहिलं.

दुपारपर्यंत चादरी उतरवून झाल्या. बाईंच्या जागी साहेबांनी सही केली. गैरप्रकार रोखण्यासाठी भांडारातल्या माणसांच्या पिशव्या फाटकावर तपासाव्यात, असा कागद फळ्यावर लागला. चौकशी होईपर्यंत बाईंनी घरी बसायचं ठरलं. दुपटं पुरावा म्हणून सील करायचं होतं, आणि भांडारात लाख लावायचं काम बाईंचंच होतं.

"तुम्हीच करा, बाई," साहेब म्हणाले. "तुमचीच पद्धत."

बाईंनी दुपटं पाकिटात घातलं. आजवर पाकिटावरच्या चिठ्ठीत त्या तारीख आणि सही एवढंच लिहीत. धाग्यांचा आकडा लिहायचं एकवीस वर्षांत सुचलं नव्हतं. आज त्यांनी घोटीव अक्षरात लिहिलं, 'धागे : इंचाला साठ. सही : अर्धी. डाग : एक, दुधाचा.' खाली डॉक्टरांची सही घेतली. त्यांनी ती न वाचताच केली.

लाख वितळली, ठसा उमटला. बाईंनी कपाट लावलं, दार दोनदा ओढून पाहिलं, आणि किल्ली नियमाप्रमाणे साहेबांच्या टेबलावर ठेवली.