जेवणावरचा चहा

मनुष्यदेह हे रक्ताच्या भरवशावर चालणारं अद्भुत यंत्र आहे, असं मोठमोठे डॉक्टर सांगतात. मीटर रीडरच्या बायकोचं यंत्र गेले नऊ महिने सात पूर्णांक आठ हिमोग्लोबिनवर चाललं होतं, आणि तेवढ्यावर ती धुणी, भांडी, स्वयंपाक सगळं उरकत होती.

"परत सात पूर्णांक आठच," रिपोर्ट बघत सिस्टर म्हणाली. "काकू, दहा झाल्याशिवाय सर्जन गर्भाशयातल्या त्या गाठींना हात लावणार नाहीत. अंगावरून जातंय किती! खाता तरी काय?"

उत्तर मीटर रीडरने दिलं. तीस वर्षं लोकांच्या दारातले पाण्याचे आकडे टिपल्यामुळे कुठलाही हिशेब आपणच सांगायचा, अशी त्याची समजूत होती.

"पालक, मसूर, बीट, खजूर, तीळ. मी स्वतः आणतो. लोखंडी कढई घेतली. भाजी काळीठिक्कर झाली तरी खाल्ली आम्ही. अंडं तेवढं ती तोंडात घेणार नाही. माझ्या बहिणीने नुसतं सुचवलं, तर दोन महिने तिच्याशी अबोला!"

"आणि गोळी?"

"जेवण झालं की लगेच. माझ्या हातच्या चहाबरोबर." हे सांगताना त्याने खांदे जरा मागे घेतले.

सिस्टरने पेन खाली ठेवलं. "चहाबरोबर? अहो काका, चहामुळे लोह अंगी लागत नाही. ना जेवणातलं, ना गोळीतलं. तासभर तरी मध्ये जायला हवा. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी काकूंना!"

काकू भिंतीवरचा उंची-वजनाचा तक्ता मन लावून वाचत होत्या.

बाहेर बाकावर बसल्यावर त्याने विचारलं, "मला बोलली का नाहीस?"

"काय बोलू? एकतीस वर्षांत पहिल्यांदा गॅसपाशी उभे राहिलात. साखर कुठे असते, तेही विचारलंत. वर मी पिऊन होईपर्यंत समोर बसून राहायचात. नको कसं म्हणू?"

"अगं, पण रक्त..."

"पहिले दोन दिवस तर मीठच घातलं होतंत. तोही प्यायले मी."

त्या दिवसापासून चहा बंद झाला. लिंबू चांगलं, असं सिस्टर म्हणाली होती. लिंबू पिळून देऊनही समोर बसता येतं, हे त्याला लवकरच उमगलं. आकडा आठ पूर्णांक तीन झाला, मग आठ पूर्णांक नऊ. तो कॅलेंडरवर लिहून ठेवी. वाढतं रीडिंग बघून कुणाला आनंद होतो, हा अनुभव त्याच्या नोकरीत नवीन होता.

"दहा झालं की चहा सुरू करा हो," ती म्हणाली. "तासभर थांबून पिईन."

नऊ पूर्णांक एक झालं, त्याच आठवड्यात ती न्हाणीघरात पडली. दवाखान्यात नेलं, तरी अंगावरून जायचं थांबेना. वॉर्डातून रक्ताची चिठ्ठी आली, तसा तो खाली रक्तपेढीत धावला आणि बाही वर करून बसला. तिथल्या माणसाने बोट टोचलं.

"साडेचौदा! काका, या वयात झकास आहे. मटण-बिटण जोरात दिसतंय."

"नाही. तिच्याच कढईतलं खातो," तो म्हणाला. "आधी मला वाढायची."

 माणसाने त्याच्या हातात दाबायला रबरी चेंडू दिला.

पिशवी भरायला नऊ मिनिटं लागली. वर वॉर्डात ती तोवर गेली होती. चिठ्ठी चिकटवून पिशवी फ्रिजमध्ये ठेवली, आणि शुक्रवारी दुसऱ्या कुणाला तरी लावली.