मांधात्याच्या बेटावर गेलेला तांब्या

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे, अस्सल पितळेचा. मित्रांनो, तुम्ही प्रवासाला निघालात की खांद्याला थर्मास अडकवता, तेव्हा माझी तुमची ओळख नसली तर नवल नाही. माझ्या तोंडाला आटे आहेत. झाकण फिरवून घट्ट बसवले की गाडीने कितीही हिसके दिले तरी थेंब सांडत नाही. झाकणावर कडी आहे. ती धरून लोक मला मोठ्या दिमाखात मिरवत नेत. सध्या मी माळ्यावर असतो. एका बाजूला मोडका पाळणा, दुसऱ्या बाजूला बूड गेलेले घमेले. दोघांनीही घराबाहेर पाऊल टाकलेले नाही, त्यामुळे त्यांच्याशी बोलणार तरी काय?

माझा जन्म भंडाऱ्याचा. भट्टीतून निघालो, ठोके खाल्ले, आतून कल्हई झाली आणि अकोल्याच्या एका भांड्यांच्या दुकानात येऊन बसलो. तिथून १९५१ साली पंजाबरावांनी मला उचलले. दुकानातच ठोक्याठोक्याने माझ्या पोटावर आपले नाव घालून घेतले. बार्शीटाकळीपासून तीन कोसांवर त्यांचे गाव, काळी कसदार जमीन, घरात माणसांचा राबता. पंजाबराव माणूस सरळ, पण त्यांच्या घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे.

पुढची दहा-बारा वर्षे मी पुष्कळ हिंडलो. कापसाच्या दिवसांत धामणगावला, भजनांच्या कार्यक्रमांना मोझरीच्या आश्रमात, कोर्टाच्या तारखांना अकोल्याच्या कचेरीत. गाडीतले लोक माझ्यातले पाणी पिऊन म्हणत, "वा! काय गार हाय!" आणि मी आतल्या आत फुगत असे. घरी परतलो की मात्र मला सरळ अंगणात राखेच्या टोपलीपाशी ठेवत. तिथे सुभद्रा बसलेली असे.

सुभद्रा म्हणजे पंजाबरावांची बायको. चौदाव्या वर्षी लग्न होऊन ती या घरात आली. दोन दिरांची लग्ने तिने लावून दिली, मुलीला सासरी पाठवले, आणि सासूचे, जमुनाबाईचे, गुडघे धरल्यापासून त्यांचे सगळे तीच करत होती. चिंच आणि राख लावून ती मला घासायची आणि हलक्या आवाजात विचारायची, "ह्या खेपीले कोठी गेलता रे बाप्पा?" मी गेलेली गावे तिला माझ्यावरच्या धुळीतूनच ठाऊक होती. मला याचे तेव्हा काही वाटले नाही. आता वाटते.

एकदा घासता घासता तिने मला आपली एक गोष्ट सांगितली. माहेरी धामणगावला ती चौथीपर्यंत शिकली होती. भूगोलाच्या पुस्तकात होते की चोहीकडून पाण्याने वेढलेल्या जमिनीला बेट म्हणतात. तिने गुरुजींना विचारले, अशा जमिनीवर उभे राहिले तर कसे वाटते? गुरुजी हसले. त्यांनीही बेट पाहिले नव्हते. आपल्या वऱ्हाडात पाणी विहिरीच्या तळाशी असते. चोहीकडे पाणी ही गोष्ट तिच्या मनात तेव्हापासून घर करून बसली होती.

पुढे अकोल्याहून खंडव्याला छोट्या रुळांची गाडी सुरू झाली. खंडव्याच्या पुढे नर्मदेत मांधाता नावाचे बेट आहे, तिथे ओंकारेश्वराचे देऊळ आहे, हे सुभद्रेने कोणाकडून तरी ऐकले. १९६३ च्या चैत्रात, शेतीची कामे सरली तेव्हा, तिने धीर करून नवऱ्यापुढे शब्द टाकला.

"मले चार दिवस एकटीले त्या बेटावर जाऊन बसायचं हाय."

"काहून?" पंजाबरावांनी कारण विचारले. "घरात काय कमी हाय तुले?"

यावर ती काय सांगणार? कमी काहीच नव्हते. आपल्याकडे बाईने घर सोडायचे तर माहेर तरी हवे नाहीतर देव तरी. नुसते जाऊन बसायचे, असे कारण कोणी ऐकलेच नव्हते. ती मान खाली घालून उठली.

तेव्हा ओसरीतल्या खाटेवरून जमुनाबाई बोलल्या. "अरे, माहा नवस हाय ओंकाराचा. तुहा टायफाईड उतरला तवाचा. सुनेले एकटीले धाडीन असं बोलली होती मी. माहे पाय गेले, म्हनून सांगाले लाजत होती."

नवस म्हटल्यावर पंजाबरावांचे तोंड बंद झाले. देवाशी कोण भांडणार? निघायच्या दिवशी सुभद्रा सासूच्या पाया पडायला वाकली, तेव्हा मी तिच्या हातातच होतो, म्हणून मला ऐकू आले. "नवस-फवस काही नाही वं," म्हातारी पुटपुटली. "जाय. पाहून ये."

पण गावाला कसे आवरणार? सुभद्रा ओंकाराला निघाली म्हटल्यावर जो तो आपला नारळ घेऊन आला. अकरा नारळांची पिशवी झाली. वर प्रत्येकाचे सांगणे, नर्मदेचे पाणी आठवणीने आण. गावात कोणी तीर्थाहून परतले की त्याचे पाय धुऊन ते पाणी डोळ्यांना लावतात, तीर्थ वाटतात आणि मावंद्याचे जेवण घालतात. पंजाबरावांनी मावंद्याची आमंत्रणेसुद्धा देऊन टाकली. चार दिवसांच्या सुट्टीवर निघालेल्या बाईच्या डोक्यावर अख्ख्या गावाचे पुण्य बसले.

खंडव्याहून पुढे जाऊन, शेवटी नावेने नर्मदा ओलांडून आम्ही बेटावर पोहोचलो. तिथल्या धर्मशाळेच्या मुनीमजींनी विचारले, "बाई, साथ में कौन है?" सुभद्रेने एकदा मागे वळून पाहिले, जणू खरेच कोणी असेल, आणि म्हणाली, "कोई नही." त्यांनी जरा अवघडूनच खोली दिली. सकाळ होताच तिने आधी देवळात जाऊन अकराही नारळ ज्याच्या त्याच्या नावाने वाहिले. तिथे ती प्रामाणिक होती. स्वतःसाठी मात्र तिने काही मागितले नाही. मग मला घेऊन ती घाटावर आली आणि पाण्यात पाय सोडून बसली.

पहिल्या दिवशी तिला बसताच येईना. कोणी हाक मारल्यासारखे वाटून ती सारखी उठे. दशमी खाल्ली तीसुद्धा उभ्या उभ्या, घरी सगळ्यांना वाढून झाल्यावर खायची तशी. दुसऱ्या दिवशी ती भर दुपारी झोपली. मित्रांनो, लग्न झाल्यापासून सत्तावीस वर्षांत ती दुपारची झोपलेली नव्हती! तिसऱ्या दिवशी ती बेटाला वळसा घालायला निघाली. उन्हात, दगडांतून, एका हाताने लुगडे सावरत आणि दुसऱ्या हातात मला घेऊन. जिथून निघाली तिथेच परत आली, आणि मला खडकावर टेकवून म्हणाली, "खरंच चोहीकून पानी हाय." मग ती रडू लागली. दुःखाने नव्हे. खूप वेळ रडली, आणि का रडतेस म्हणून विचारायला तिथे कोणी नव्हते, याचाच तिला आनंद होत होता.

निघताना तिने मला नर्मदेत बुडवून गळ्यापर्यंत भरले. झाकण फिरवले. जबाबदारीचे पाणी होते ते, मीही ताठ राहिलो.

खंडव्याला गाडी पाच तास आली नाही. फलाटावर सावली नव्हती, पाण्याच्या नळापाशी ही झुंबड. सुभद्रेचा घसा कोरडा पडला. तिने माझ्याकडे पाहिले, नजर फिरवली, पुन्हा पाहिले. मग झाकण उघडले आणि घोटभर प्यायली. आणि मग थांबलीच नाही. अर्ध्या गावाचे तीर्थ तिने एकटीने पिऊन टाकले. माझ्यातून आजवर किती जण पाणी प्यायले, पण सुभद्रा प्यायली ती त्या दिवशी पहिल्यांदा. गर्दी ओसरल्यावर तिने मला स्टेशनाच्या नळावर भरून घेतले.

घरी आलो तर अंगण माणसांनी भरलेले. चुलीवर पुरण शिजत होते. शेजारची पार्वताबाई, गावातली सगळ्यांत वयस्कर बाई, परात घेऊन पुढे आली आणि कंबर धरून खाली बसली. तिने सुभद्रेच्या पायांकडे हात नेला.

सुभद्रा मागे सरली. "काकू, पाय नका धुऊ. ह्या तांब्यातलं पानी नर्मदेचं नाही. खंडव्याच्या नळाचं हाय."

"मंग नर्मदेचं कोठी गेलं?" पंजाबरावांनी विचारले.

"मी पेली. तहान लागली होती." तिने पिशवी पुढे केली. "नारळ सगळ्यायचे वाहले. परसाद ह्याच्यात हाय."

"अन् मायचा नवस? तो तरी फेडला का नाही?"

सुभद्रेने ओसरीकडे पाहिले. फेडला म्हणावे तर सत्तरीची पार्वताबाई खोट्या तीर्थकरणीचे पाय धुणार. नवस नव्हता म्हणावे तर ज्या सासूने तिला जाऊ दिले, तीच चारचौघांत खोटी पडणार. तिने माझी कडी घट्ट धरली. एवढ्या वर्षांत मी कोणाचाही हात इतका गार पडलेला पाहिला नाही.

"तिले काय पुसतं?" ओसरीतून जमुनाबाईंचा आवाज आला. "नवस नव्हताच. मी खोटी बोलली."

"माय! काहून?"

"खरं सांगतलं असतं त तिले जाऊ देल्लं असतं का तुनं?"

सगळे पंजाबरावांकडे पाहू लागले. त्यांनी मान फिरवली. पार्वताबाई परात घेऊन उठली. पुरण शिजलेले होते म्हणून लोक जेवले, पण ते मावंदे झाले नाही.

त्याच संध्याकाळी पंजाबरावांनी मला माळ्यावर टाकले आणि पुढच्या बाजाराला थर्मास आणला. आईशी ते कितीतरी दिवस बोलले नाहीत. बायकोशी कामापुरते बोलत. माझी चूक काय होती, हे मला कोणी सांगितले नाही. मला वाईट वाटले, अजूनही वाटते.

माळ्याच्या बरोबर खाली, आतल्या खोलीत, पुढे जमुनाबाईंची खाट आली. त्या आता अंथरुणाला खिळल्या होत्या. दुपारी घर निजले की त्या सुनेला जवळ बसवून विचारत, पाण्याचा आवाज रात्रभर येते का? एकटीनं भेव नाही वाटलं? सुभद्रा सांगे आणि त्या डोळे मिटून ऐकत. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा. मीही ऐकत असे.

पोळा झाल्यावर एका दुपारी सुभद्रेने विचारले, "आत्याबाई, तुमाले एवढी हौस होती, त पाय चांगले होते तवा तुमी काहून नाही गेल्या?"

म्हातारीने डोळे उघडले.

"माह्यासाठी खोटं बोलाले कोणी नव्हतं, पोरी," ती म्हणाली.

सुभद्रेने सासूचे पाय आपल्या मांडीवर घेतले आणि उन्हे उतरेपर्यंत दाबत बसली. आठ दिवसांनी जमुनाबाई गेल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगून झाली की म्हणतात, आम्हाला जपा. मीही तेच म्हणणार होतो. माझी कल्हई उडाली आहे, आटे झिजले आहेत, पोटावरचे नाव हिरवे पडले आहे. पण ते राहू द्या. तुमच्या घरात अंगणात बसून कोणीतरी भांडी घासत असेल. तिला कुठे जावेसे वाटते, ते एकदा विचारा. तिने सांगितले तर 'काहून' म्हणू नका. पाणी भरून द्या, गाडीत बसवून द्या. तिच्या जाण्यासाठी कोणाला खोटे बोलावे लागू नये.